श्वास सांभाळणारे हात : फुप्फुसविकार व अतिदक्षता विभागातील तज्ज्ञांचे प्रशिक्षण

घरातील मुलगी एम.बी.बी.एस. झाली, पुढे एम.डी.ही झाली आणि तरीही "अजून तीन वर्षे शिकायचे आहे" असे म्हणू लागली, की वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटते. इतकी वर्षे शिकून डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी का व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. फुप्फुसविकार आणि अतिदक्षता या दोन जोडविषयांच्या संदर्भात त्याचे उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम शिक्षणाची वाट पाहू. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे आणि एम.डी.ची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय पातळीवरील 'नीट-एसएस' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्यानंतर विद्यापीठाची डी.एम. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.आर.एन.बी. ही अतिविशेष पदवी तीन वर्षांत मिळते. म्हणजे मध्ये एकही वर्ष वाया गेले नाही, तरी साडेअकरा वर्षे होतात. याखेरीज १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन' ही तज्ज्ञांची संघटना आपले स्वतंत्र पदविका व फेलोशिप अभ्यासक्रम चालविते. भूलशास्त्र, औषधवैद्यक, श्वसनविकार अशा निरनिराळ्या शाखांतील डॉक्टर अतिदक्षतेकडे वळतात. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये तर फुप्फुसविकार, अतिदक्षता आणि निद्राविकार यांचा विभाग एकच आहे. अमेरिकेतही फुप्फुसविकार व अतिदक्षता यांची तीन वर्षांची संयुक्त फेलोशिप रूढ आहे.

हे दोन विषय एकत्र का आले, याचे उत्तर इतिहासात सापडते. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची ब्लेगडॅम रुग्णालयात रीघ लागली. पण श्वास देणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यात नळी बसविण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडण्याचा मार्ग सुचविला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागांचा तो आद्य नमुना मानला जातो. पिशवी दाबणाऱ्या त्या विद्यार्थ्यांची जागा नंतर व्हेंटिलेटरने घेतली, परंतु श्वास किती द्यावा, कसा द्यावा आणि केव्हा थांबवावा, हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहिले.

या निर्णयाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग यांसारख्या कारणांनी फुप्फुसे सुजून त्यांत पाणी साचते, त्या अवस्थेला डॉक्टर ए.आर.डी.एस. म्हणतात. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरमधून भरपूर हवा द्यावी, असा पूर्वी प्रघात होता. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दर किलोमागे १२ मिलिलिटर या प्रमाणात श्वास दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावले होते. ६ मिलिलिटर दिलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. अधिक हवेने सुजलेली फुप्फुसे ताणली जाऊन आणखी इजा होते, असा त्याचा अर्थ. यातही एक मेख आहे. हे वजन रुग्णाचे प्रत्यक्ष वजन नसते, तर त्याच्या उंचीवरून काढलेले असते. कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. १७० सेंटीमीटर उंचीच्या पुरुषासाठी हे वजन सुमारे ६६ किलो येते, म्हणून एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर हवा पुरते. तोच पुरुष ९० किलोचा असेल आणि काट्यावरचे वजन धरून हिशेब केला, तर आकडा ५४० वर जातो. यंत्र तक्रार करीत नाही. सांगितलेली हवा ते निमूटपणे आत सोडते. चूक ओळखायला खाटेपाशी जाणता माणूसच लागतो.

प्रशिक्षणाच्या वर्षांत हे जाणतेपण अंगी बाणविले जाते. दुर्बीण श्वासनलिकेत घालून तपासणी करणे, छातीत साचलेले पाणी वा हवा काढणे, सोनोग्राफीने हृदय व फुप्फुसे पाहणे, अवघड परिस्थितीत घशातून नळी घालणे, ही हातांची कामे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शेकडो वेळा करावी लागतात. रुग्णाला केव्हा पालथे झोपवावे, झोपेची औषधे केव्हा कमी करावीत, यंत्राचा आधार केव्हा काढून पाहावा, हा विवेक त्याहून सावकाश येतो. आपल्या देशात क्षयरोगाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन येणारे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यामुळे येथील विद्यार्थ्याला परदेशी पुस्तकापलीकडचेही शिकावे लागते.

कोविडच्या काळात या मनुष्यबळाची उणीव सर्वांच्या लक्षात आली. २०२० मध्ये 'पीएम केअर्स' निधीतून ५०,००० व्हेंटिलेटर देण्याची योजना जाहीर झाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांपैकी काही यंत्रे नादुरुस्त असल्याच्या, तर काही चालविणारी माणसे नसल्यामुळे पडून राहिल्याच्या बातम्या आल्या आणि त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने यंत्रांच्या वापराची तपासणी करण्याचा आदेश दिला. यंत्र काही महिन्यांत बनविता येते. ते चालविणारा तज्ज्ञ घडायला दहा-अकरा वर्षे जातात. त्याच्यासोबत प्रशिक्षित परिचारिका आणि श्वसनतंत्रज्ञही लागतात, हे विसरून चालणार नाही.

प्रशिक्षणाचा आणखी एक भाग बाहेरच्यांना दिसत नाही. तो म्हणजे कुटुंबाशी बोलणे आणि उपचार कोठवर न्यावेत याचा विचार करणे. व्हेंटिलेटर नवा होता तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला होता. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले, की जीव व आरोग्य राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य आहे. पण रुग्णावर वा इतरांवर भारी ओझे टाकणारी असामान्य साधने वापरलीच पाहिजेत, असे बंधन नाही. मृत्यूचा क्षण ठरविणे हे वैद्यकाचे काम आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, बरे होण्याची आशा उरली नसल्यास कृत्रिम आधार नाकारणारी पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सुलभ केली. ही मुभा मुद्दाम मृत्यू घडवून आणण्याची नव्हे. हा भेद जाणून, घाबरलेल्या नातेवाइकांना तो शांतपणे समजावून सांगणे, हेही या तज्ज्ञाला शिकावे लागते.

म्हणून आमची वाचकांना दोन विनंत्या आहेत. आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल, तेव्हा केवळ "व्हेंटिलेटर आहे का?" एवढेच विचारू नये. येथे अतिदक्षतेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आहेत का, रात्री खाटेपाशी कोण असते आणि रोज आमच्याशी कोण बोलणार, हेही विनयाने विचारावे. आणि ज्यांच्या घरातील तरुण डॉक्टर तिशीतही शिकत आहेत, रात्रपाळ्या करीत आहेत, सणासुदीला घरी येऊ शकत नाहीत, त्यांनी "आता पुरे, दवाखाना उघड" असा तगादा लावू नये. त्या तीन वर्षांत त्यांच्या हाती जे येते, ते उद्या कोणाच्या तरी श्वासासाठी लागणार आहे.