बोट वाकडं होण्याआधी...

एक मिनिट अंक खाली ठेवा. उजवा हात टेबलावर उपडा ठेवा. तळवा आणि पाचही बोटं सपाट टेकली? सॉल्लिड! आता डावा. तोही टेकला? मग आजच्यापुरतं टेन्शन नाही. या दोन सेकंदांच्या खेळाला डॉक्टर मंडळी ‘टेबलटॉप टेस्ट’ म्हणतात. आमच्या घरी गेल्या वर्षभरात हा खेळ इतक्या वेळा झालाय, की डायनिंग टेबलवर ताटांपेक्षा तळवेच जास्त टेकले असतील!

घर म्हणजे जर्मनीतलं, न्यूर्नबर्गजवळचं. मी मूळची पुण्याची, आयटीवाली. नवरा इथलाच, बेचाळिशीचा. दिवसा लॅपटॉप, संध्याकाळी पियानो. मागच्या वर्षी त्याच्या डाव्या तळहातात, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. जिममधला घट्टा म्हणावा, तर हा गडी जिमच्या वाटेलाही जात नाही. त्याने गाठ दाबून पाहिली आणि एवढंच म्हणाला, ‘‘पापांचा हात.’’

सासऱ्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली आहेत. हिवाळ्यात हातमोजा चढत नाही, खिशातून किल्ली निघत नाही, शेकहॅण्डला ते डावा हात पुढे करतात. दोनदा ऑपरेशन झालं. बोटं सरळ झाली आणि काही वर्षांत पुन्हा वळली. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात, पण बोट कायमच वाकडं राहिलं तर माणसाने करायचं काय?

व्हायकिंग कनेक्शन

आजाराचं नाव ड्युपिट्रेन. पॅरिसच्या गियोम ड्युपिट्रेन या सर्जनने १८३१ मध्ये त्यावरचं ऑपरेशन करून दाखवलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. होतं असं, की तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक पातळ, चिवट पडदा असतो. त्यातल्या काही पेशी अचानक ओव्हरटाइम करायला लागतात आणि कोलॅजेनचा ढीग रचतात. आधी गाठ येते, मग त्या गाठीतून दोरी निघते आणि ती दोरी आखडत जाऊन बोटाला आत ओढते. बोट हलवणारी स्नायूंची दोरी बिचारी निर्दोष असते!

हा आजार जास्त दिसतो तो उत्तर युरोपातल्या लोकांत. म्हणून त्याचं टोपणनाव ‘व्हायकिंग डिसीज’. २०२३ मध्ये तर संशोधकांनी दाखवलं, की त्याचा धोका वाढवणारी काही जनुकं थेट निअँडरथल माणसाकडून आलेली आहेत. घ्या! पेशंट मंडळीही वजनदार. मार्गारेट थॅचर यांचं १९८६ मध्ये ऑपरेशन झालं. रोनाल्ड रेगन यांचं १९८९ च्या जानेवारीत, ते अजून राष्ट्राध्यक्ष असताना. ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’मधला तो धमाल म्हातारा रॉकस्टार आठवतो? अभिनेता बिल नाय. त्याचीही बोटं याच आजाराने वळलेली आहेत.

आपल्याकडे हा आजार तसा क्वचित. पण डायबेटिस असलेल्यांत तो जास्त आढळतो आणि डायबेटिसच्या बाबतीत आपण काही मागे नाही. सिगारेट आणि दारू हेही त्याचे दोस्त. आणि हो, माऊसला दोष देऊ नका. रोजच्या क्लिकक्लिकने हात दुखेल, पण हा आजार त्याने होत नाही.

‘वाकलं की या!’

हाताच्या सर्जननी तपासलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. ‘‘आत्ता काही करायचं नाही. हात टेबलावर टेकेनासा झाला की या.’’ त्यांचं चूक नव्हतं. कित्येकांची गाठ वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, बोट वळतच नाही. मग उगाच सुरी कशाला?

पण ज्याने वडिलांची बोटं लहानपणापासून वळताना पाहिलीत आणि ज्याचा डावा हात पियानोवर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत ताणला जातो, त्याला ‘थांबा आणि पाहा’ हे ऐकवणं सोपं आणि पचवणं अवघड. रात्री जागून त्याने वाचलं आणि सकाळी चहाच्या वेळी बॉम्ब टाकला, ‘‘मला रेडिएशन घ्यायचंय.’’

मी ते आईला फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता. मग, ‘‘अगं, खरं सांग. कॅन्सर आहे का जावयांना?’’

‘‘नाही गं आई.’’

‘‘मग कॅन्सर नसताना लाईट कशाला घ्यायची?’’

आईचा प्रश्न बरोबर होता. जर्मनीत मात्र कॅन्सर नसलेल्या दुखण्यांवर क्ष-किरण देण्याची जुनी परंपरा आहे. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले ते वुर्झबर्गला, आमच्यापासून ट्रेनने तासाभरावर. फंडा असा, की गाठीत भराभर वाढणाऱ्या पेशींना किरणांचा फटका बसतो आणि त्यांचा ओव्हरटाइम थांबतो. पण एकदा दोरी पक्की झाली, बोट वळलं, की किरण ती सैल करू शकत नाहीत. म्हणजे उपाय चालणार तो फक्त सुरुवातीला. नुसत्या गाठी असताना, फार तर बोट दहा अंशांपर्यंत वळलेलं असताना.

गोची लक्षात आली? गरज असते तेव्हा उपयोग नाही आणि उपयोग असतो तेव्हा गरज आहे की नाही हेच कळत नाही!

आकडे काय म्हणतात?

आमच्या शेजारच्या एर्लांगेन शहरातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १३५ पेशंटचा हिशेब मांडला. उपचारानंतर साधारण तेरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. नुसत्या गाठी असताना ज्यांनी किरण घेतले, त्यांच्यापैकी ८७ टक्के हात तिथेच थांबले किंवा सुधारले. बोट थोडं वळल्यावर घेतलेल्यांत हा आकडा ७० टक्के. सगळे टप्पे धरले तर ३१ टक्क्यांचा आजार पुढे सरकलाच. साधारण एक तृतीयांश लोकांची कातडी कायमची कोरडी किंवा पातळ झाली.

वाचून नवरा खूश. मी नाही. कारण किरण न घेतलेल्यांचा गट शेजारी ठेवून ही तुलना झालेली नव्हती. त्या ८७ मधले किती जण आपोआपच थांबले असते? ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनेही २०१६ मध्ये हेच म्हटलं. सुरक्षिततेची मोठी चिंता दिसत नाही, पण उपयोगाचा पुरावा अपुरा आहे, तेव्हा पेशंटला हे सगळं नीट समजावून मगच द्या.

आणि कॅन्सरचा धोका? रेडिएशनच्या डॉक्टर बाईंनी तो विषय स्वतःहून काढला. धोका फार लहान आहे, कारण किरण वरवरच जातात आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या हाडांत रक्त बनवणारा मगज जवळपास नसतोच. पण धोका शून्य नाही, आणि वय जितकं कमी तितका विचार जास्त. गरोदर बाईला तर हे देतच नाहीत. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, ‘‘गेल्या सहा-बारा महिन्यांत गाठ वाढली का?’’

आमच्याकडे उत्तर तयार होतं. दर महिन्याला गाठीशेजारी एक युरोचं नाणं ठेवून फोटो काढलेले होते. आठ महिन्यांत एकाच्या दोन गाठी झाल्या होत्या आणि कातडीला खळी पडली होती. फोटो पाहून बाई म्हणाल्या, ‘‘गाठ शांत असती तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं.’’

त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. शेवटी मीच म्हटलं, ‘‘हात तुझा आहे. तू ठरव, मी सोबत येते.’’

तीन ग्रे, दहा वेळा

पेनाने गाठींभोवती रेघ मारली. उरलेला हात शिशाच्या पत्र्याखाली. मशीनची नळी जवळ आली, काही मिनिटं गुणगुणली, संपलं. दुखणं शून्य. रोज तीन ग्रे, असे सलग पाच दिवस. मग बारा आठवडे सुट्टी आणि पुन्हा पाच दिवस. एकूण तीस ग्रे. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा पन्नास-साठ ग्रे द्यावे लागतात, हे कळल्यावर आईचा जीव थोडा भांड्यात पडला. तळवा लालसर झाला, कोरडा पडला. आईने पार्सलमधून खोबरेल पाठवलं. डॉक्टर बाईंनी हसून साधं क्रीम दिलं.

दुसरा राऊंड संपून चार महिने झालेत. एक गाठ मऊ झालीय, दुसरी आहे तशीच आहे. नवी नाही. याला यश म्हणायचं का? इतक्यात नाही. या आजाराचा निकाल महिन्यांत नाही, वर्षांत लागतो. दरम्यान, फोटो चालू आहेत आणि पियानोही.

तुमच्या हातात काय?

* तळहातात न दुखणारी टणक गाठ किंवा खळी दिसली तर हाताच्या सर्जनला दाखवा. प्रत्येक गाठ ड्युपिट्रेन नसते.
* दर महिन्याला त्याच उजेडात, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. ‘वाढतेय असं वाटतं’ यापेक्षा फोटो जास्त बोलतो.
* गाठ वाढत नसेल तर किरणांची घाई नको. वाढत असेल तर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांचं ऐका.
* किरणांनी वाकलेलं बोट सरळ होत नाही. त्यासाठी सुईने दोरी तोडणं किंवा ऑपरेशन हे मार्ग आहेत, आणि त्यानंतरही आजार परतू शकतो.
* शुगर तपासा. सिगारेट सोडा. हे मात्र कुठल्याही पुराव्याची वाट न बघता करता येतं!