भागभांडवल मागताना काय बोलावे

शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याचा उत्साह हल्ली गावोगाव दिसतो. डाळमिलचा किंवा गोदामाचा बेत ठरतो आणि भाग खपविण्यासाठी सभा भरते. प्रवर्तक मंडळी तासभर बोलतात, शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करतात, ऐकणारे सुपारी चघळीत उठून जातात. दोष त्यांचा नव्हे. आपला पैसा कोठे जाणार व कसा परत येणार, एवढेच त्यांस ऐकावयाचे होते. आणि ते पाच मिनिटांत सांगता येते, असे आमचे मत आहे.

हा पैसा बाहेरून येणार नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीस जागा मिळाली. तीत समभाग उत्पादकांनी व त्यांच्या संस्थांनीच घ्यावयाचे असतात. मुंबईचा शेठ कर्ज देईल, भागीदार होणार नाही. २०२० सालच्या केंद्रीय योजनेतही सभासदांनी जमविलेल्या भांडवलाइतकेच अनुदान ठरविले गेले, तेही दर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व कंपनीस एकूण १५ लाखांपर्यंत. म्हणजे शेजाऱ्याने खिशात हात घातल्यावाचून सरकारचाही रुपया हलत नाही.

प्रवरेच्या काठी लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखान्यासाठी हेच केले. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ पाठीशी होते, तरी भाग खपवावे लागले ते ऊस पिकविणाऱ्यांत. आणि १९५० साली धुराडे पेटले. विखे पाटलांचे शालेय शिक्षण बेताचेच होते, हे व्याख्यानप्रिय मंडळींनी लक्षात ठेवावे.

आता बोलावयाचे कसे? तुरीचे उदाहरण घेऊ. “एक क्विंटल तुरीची सुमारे ७० ते ७५ किलो डाळ होते, बाकी चुणी व टरफल. आज आपण तूर विकतो आणि डाळ दुकानातून आणतो. ती भरडण्याचे यंत्र इतक्या रुपयांस मिळते, वर्षास इतके क्विंटल आले तरच त्याचा खर्च निघतो. तुमची तूर किती येईल?” असा सरळ प्रश्न विचारावा. दोन्ही आकडे मात्र आपल्या गावचे, दरपत्रकासह हाती असावेत.

पुढे अडचणीच्या गोष्टी आपण होऊनच सांगाव्यात. भाग बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने दुसऱ्या सक्रिय सभासदास दर्शनी किमतीतच देता येतो. भागावरील परतावा मर्यादित असतो. खरा लाभ बोनसाचा, आणि तो भागांवर नव्हे, तर कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळतो. मत मात्र दर शेतकऱ्यास एकच, मग त्याचे भाग पाच असोत वा पन्नास. हा शेवटचा नियम लहान खातेदारास सर्वांत आधी सांगावा. मोठ्यांच्या घशात कंपनी जाईल ही त्याची धास्ती जुनी आहे व निराधार नाही. महसुली दप्तरात आयुष्य काढल्याने तिची कारणे आम्ही जाणतो.

सभेचा काळही पाहावा. ज्येष्ठात बी-खताची ओढ असता कोण भाग घेणार? तुरीचा पैसा हाती येतो तो माघ-फाल्गुनात. तेव्हा बोलवावे, आणि रक्कम देणाऱ्यास पावती त्याच बैठकीत फाडून द्यावी.