गावठाण, पूररेषा आणि नवे घर : सायखेड्याच्या निमित्ताने

घरटंचाई हा शब्द उच्चारला की मुंबईची चाळ आणि पागडी डोळ्यांपुढे उभी राहते. महाराष्ट्रातील गृहविषयक विधिनिर्मितीही बहुतांशी याच अनुभवातून घडली. १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा आणि सदनिकांच्या मालकी हक्काविषयीचा १९६३ चा अधिनियम हे दोन्ही शहरातील गर्दीचे अपत्य होत. खेड्यात जमीन मुबलक, तेव्हा तेथे घराची टंचाई कशी असणार, असा एक समज या सर्व विचारामागे गृहीत धरलेला दिसतो. तो तपासून पाहावयाचा झाल्यास निफाड तालुक्यातील सायखेडा हे गाव उपयोगी पडेल.

सायखेडा गोदावरीच्या काठी वसले आहे. चांदोरी व सायखेडा यांना जोडणारा पूल, कांद्याचा उपबाजार, आसपासच्या खेड्यांचा राबता यांमुळे त्याला लहानशा बाजारपेठेचे रूप आले आहे. अशा गावात केवळ शेतकरी राहत नाहीत. व्यापारी, हमाल, शिक्षक, वाहनचालक, दुकानांतील नोकर असा बिगरशेती वर्गही तेथे असतो, आणि नव्या घराची निकड मुख्यतः याच वर्गाला भासते. शेतकऱ्याला प्रसंगी आपल्या मळ्यात घर बांधता येते. ज्याच्यापाशी मळा नाही त्याने काय करावे, हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

प्रथम नदीचा विचार केला पाहिजे. सायखेड्याच्या वरच्या अंगाला दारणा गोदावरीला मिळते. त्यामुळे गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांतून सोडलेले पाणी या टापूत एकत्र येते. खालच्या अंगाला, कादवेच्या संगमापाशी, नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. वरून दुहेरी आवक आणि खाली अडवणूक अशा या स्थितीत चांदोरी-सायखेडा परिसरात पाणी पसरणे स्वाभाविक ठरते. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये ते गावात शिरले. ज्यांच्या घरांच्या भिंतींवर दोनदा पाण्याची रेघ उमटली, त्यांना उंचावर नवे घर हवे असणे ही चैन मानता येणार नाही.

पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत घालून दिली. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध, आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते निर्बंधांसह. तत्त्व निर्दोष आहे. पण जुनी गावठाणे पाण्याच्या सोयीसाठी नदीलगतच वसली, आणि रेषा आखणाऱ्या शास्त्राने त्यांना मागे सरकण्यासाठी जागा मात्र दिली नाही. ते त्याचे कामही नव्हते. ते काम महसूल खात्याचे होते.

गावठाणाबाहेर पाऊल टाकताच शेतजमीन लागते, आणि खरी अडचण येथून सुरू होते. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळ आणि कसणारा यांचे रक्षण करणे, जमीन सावकाराच्या वा सट्टेबाजाच्या हाती जाऊ न देणे हा त्यामागील हेतू होता. त्याच्या आदल्या वर्षीच्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याचा हेतूही असाच रास्त होता. जमिनीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की कसणेच परवडेनासे व्हावे. दोन्ही कायदे शेती वाचविण्यासाठी झाले. घर बांधणारा माणूस त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

आकडे मांडले म्हणजे पेच स्पष्ट होतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे व जिरायतीसाठी २० गुंठे इतके खाली आणले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; म्हणून १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. मध्यम कुटुंबाच्या घराला एक-दीड गुंठा पुरतो. तेव्हा शेतजमीन म्हणून विकता येणारा लहानात लहान तुकडाही गरजेच्या सहा ते दहा पट मोठा ठरतो. आणि निफाडच्या द्राक्षबागांच्या मुलुखात बागायती गुंठ्याचा भाव घर बांधणाऱ्याच्या ऐपतीवर नव्हे, तर द्राक्षाच्या उत्पन्नावर आणि नाशिकच्या सान्निध्यावर ठरतो.

यावर लोकांनी जी तोड काढली ती महाराष्ट्रभर परिचित आहे. आठ-दहा जण मिळून एक तुकडा घेतात, सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लागतात, आणि आपापला गुंठा जागेवर चुना टाकून वाटून घेतला जातो. कागदावर कोणाचाही हिस्सा वेगळा नसतो. अशा जागेवर घर उभे राहते, कुटुंब राहावयास जाते, पण बँक कर्ज देत नाही. कारण तारण म्हणून दाखविता येईल अशी स्वतंत्र मिळकतच अस्तित्वात नसते. मग रक्कम पतसंस्थेतून, नातलगांकडून वा सोने मोडून उभी केली जाते. म्हणजे ज्याचे उत्पन्न कमी त्यालाच अधिक व्याजाने, वा व्याजाशिवाय पण मिंधेपणाने, घर घ्यावे लागते. असे तुकडे नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरण्याची वाट काढण्यात आली आणि २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आणण्यात आली. ही घट म्हणजे पहिला दर लोकांना झेपत नव्हता याची कबुलीच होय.

एखाद्या विकासकाने रीतसर अकृषिक परवानगी घेऊन इमारत बांधली तर प्रश्न सुटतो काय? काही अंशी सुटतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले : नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. परंतु या कायद्याखालील नोंदणीची सक्ती नियोजन क्षेत्रापुरती आहे, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प तीतून वगळले आहेत. बाजारगावात उभी राहणारी इमारत बहुधा याच मापाची असते. नाशिक शहरात सदनिका घेणाऱ्याला जे कवच मिळते ते सायखेड्यासारख्या ठिकाणच्या ग्राहकाला नेमके तोकडे पडते.

आता गावठाणाच्या आत पाहू. तेथील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना आठ हाच पिढ्यान् पिढ्या मालकीचा पुरावा समजला गेला, वास्तविक तो कर कोणी भरावा एवढेच सांगतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेने हेच काम देशभर हाती घेतले. मिळकतपत्रिका हाती आली की जुने घर तारण ठेवता येते. सुधारणा मोलाची आहे यात शंका नाही. मात्र पूरग्रस्त गावाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. निर्वेध कागद आणि त्यामागून येणारे कर्ज प्रथम पोचते ते नदीकाठच्या जुन्या वस्तीत. उंचावरील कोरडी जमीन सामाईक सातबाऱ्यात अडकून राहते. कर्ज काढून घर सुधारावयाचे तर ते पाणी येते तेथेच सुधारावे, अशी दिशा व्यवहाराला आपोआप मिळते.

भूमिहीनाची स्थिती याहून अवघड आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेतून सपाट प्रदेशात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण जागा स्वतःची लागते. ती घेण्यासाठी राज्याने दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला प्रथम ५० हजार आणि पुढे १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. एक खाते अर्ध्या गुंठ्यासाठी पैसे देई आणि दुसऱ्या खात्याचा कायदा २०२४ पर्यंत शेतजमिनीतून दहा गुंठ्यांखाली तुकडा पाडू देत नसे. लाभार्थ्याला मग गावठाणातीलच एखादी मोकळी जागा शोधावी लागे, आणि तेथे मोकळी राहिलेली जागा बहुधा कोणालाच नको असलेली असते.

गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. त्याखेरीज कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन, ठरलेला आकार व कर भरल्यावर, निवासी वापरासाठी अकृषिक मानण्याची सोय केली आहे. तुकडेबंदीतूनही असा लगतचा पट्टा मोकळा करण्याकडे अलीकडच्या दुरुस्त्यांचा कल आहे. डोंगराच्या पायथ्याशी वा माळावर वसलेल्या गावाला हा पट्टा चारही बाजूंनी लाभतो. नदीकाठच्या गावठाणाभोवती तोच पट्टा आखला तर त्याची एक बाजू पात्रात जाते, तिच्या दोन्ही अंगांचा भाग पूररेषेत सापडतो, आणि उरतो तो केवळ नदीकडे पाठ केलेला तुकडा. सायखेड्यासारख्या गावांसाठी २०० मीटरचे अंतर गावठाणाच्या हद्दीऐवजी तांबड्या रेषेपासून मोजले, तर किती कोरडी जमीन नव्या घरांसाठी खुली होईल, हे गाव नकाशा व पूररेषेचा नकाशा एकमेकांवर ठेवून मोजता येण्याजोगे आहे.