धावण्याच्या शर्यतीवर ऑनलाइन सट्टा : 'कुठलं अ‍ॅप बरं?' या प्रश्नाचं सरळ उत्तर

मांडवी (रत्नागिरी) : संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर गेलात तर जेटीच्या बाजूला पोरं धावताना दिसतात. बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी. मोबाइलवर वेळ लावायची, १६०० मीटर मारायचे आणि धापा टाकत आकडा बघायचा. त्याच मोबाइलवर आता जाहिराती येतात, 'धावण्यातलं कळतं ना? मग लावा आणि कमवा.' परवा त्यातल्याच एकाने मला गाठलं. "काका, तुम्ही बातम्या लिहिता. यातलं कुठलं अ‍ॅप पैसे बुडवत नाही तेवढं सांगा."

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो. तशाच पाच गोष्टी इथेही तपासून बघू.

१. परवाना आहे का?

अ‍ॅपवाला सांगतो, आमच्याकडे 'इंटरनॅशनल लायसन' आहे. बऱ्याचदा ते कुरासाओसारख्या लांबच्या बेटावरचं असतं. भारतात त्याला काही किंमत नाही. ब्रिटनमध्ये सट्ट्याला सरकारी परवाना मिळतो, त्यावर देखरेख करणारा आयोग आहे, म्हणून तिथल्या माणसाने या कंपनीची त्या कंपनीशी तुलना केली तर त्याला अर्थ आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की डोक्याचा, त्यात बंदीखाली येतो. परदेशातून चालणारं पण भारतात खेळवलं जाणारं अ‍ॅपसुद्धा सुटत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. ड्रीम ११ सारख्या मोठ्या कंपनीनेही पैशांचे खेळ बंद केले ते त्यामुळेच.

म्हणजे पहिल्याच कसोटीत सगळे नापास. तरी पुढचं वाचा, कारण "बंदी आहे" एवढं ऐकून कोण थांबतं? दारूबंदी असलेल्या गावातही दारू मिळतेच.

२. भाव कसा देतात?

समजा दोन धावपटू अगदी तोडीस तोड आहेत. कोण पुढे येईल ते निम्मं-निम्मं. मग १०० रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर २०० मिळायला हवेत, म्हणजे भाव २.००. अ‍ॅपवर मात्र भाव दिसेल दोघांनाही १.८५. आता दोघांवरही १००-१०० लावून बघा. गेले २००, आणि कोणीही जिंको, हातात आले १८५. १५ रुपये अ‍ॅपवाल्याच्या खिशात. म्हणजे दर शंभराला साडेसात रुपये. शर्यत कोण जिंकतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

शर्यतीत धावपटू जास्त असले की ही कापणी वाढते. सहा सारख्या ताकदीचे असतील तर खरा भाव ६.००. समजा अ‍ॅपने ४.८० दिला. सहाही जणांवर शंभर-शंभर लावले तर गेले ६००, आले ४८०. शंभराला २० रुपये कापले. क्रिकेटवर लाखो लोक लावतात, तिथे भाव तरी आवळून दिलेला असतो. धावण्यावर लावणारे थोडे, म्हणून बुकी स्वतःचा धोका झाकायला जास्त कापतो.

३. धावण्यातलं कळतं, त्याचा फायदा होतो का?

आपली पोरं इथेच फसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची ३००० मीटर स्टीपलचेस आठवा. आपला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे अंतिम फेरीत होता. या प्रकारात तिथे पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याच्याच शर्यतीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा होता, ज्याच्या नावावर ७ मिनिटं ५२.११ सेकंदांचा विश्वविक्रम. शेवटच्या फेरीत गिर्मा अडथळ्याला अडकून असा पडला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आणि पदक दूरच. साबळे त्या वेळी अकरावा आला.

त्याच ऑलिम्पिकची १०० मीटर बघा. नोआ लाइल्स ९.७८४ सेकंद, किशेन थॉम्पसन ९.७८९. फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याचा, तोही पाचच. डोळ्याला दिसत नाही एवढ्या फरकावर कोणाची महिन्याची मजुरी लावायची?

शिवाय कोणाचा स्नायू धरलाय, कोण प्राथमिक फेरीत मुद्दाम सावकाश धावतोय, कोण फक्त दुसऱ्याला वेग देण्यासाठी उतरलाय, हे मैदानाजवळच्या लोकांना कळतं. आपल्याला मांडवीत बसून कळत नाही. म्हणूनच जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने खेळाडूंना आणि त्यांच्यासोबतच्यांना आपल्या खेळावर पैसे लावायला बंदी घातली आहे.

आणखी एक. अ‍ॅपवर 'रनिंग' किंवा 'रेस' म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी जे सुरू होतं ते खरं नसतंच. संगणकाने काढलेली चित्रं असतात, आतला आकडाही संगणकच काढतो. तिथे धावण्याचं ज्ञान घेऊन काय करणार? तो नव्या कपड्यातला मटका आहे. जुना मटकासुद्धा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर सुरू झाला होता, मग कापूस गेला आणि मडक्यातून आकडे काढणं राहिलं. इथेही तसंच, धावणारा गेला आणि आकडा राहिला.

४. बोनस किती?

'हजार भरा, हजार फुकट.' आता खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे लिहिलेलं असतं की एवढे पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दहा पट धरा. तुमचे हजार अधिक त्यांचे हजार, म्हणजे २ हजार, त्याचे दहा पट २० हजारांचा खेळ. वर बघितलं तसे शंभराला साडेसात कापले तर २० हजारांवर सरासरी १,५०० रुपये जातात. फुकट मिळाले हजार, गेले दीड हजार. गळाला लावलेलं आमिष फुकट नसतं, हे मांडवीच्या माणसाला मी काय सांगू.

५. पैसे परत कसे मिळतात?

पहिल्या एक-दोनदा लगेच मिळतात. तो भरवसा बसवण्याचा भाग. रक्कम वाढली की 'कागद पडताळणी बाकी आहे', 'आधी टॅक्स भरा', असं सुरू होतं. कर भरायला पैसे मागितले तर ती सरळ फसवणूक समजा. खरा कर जिंकलेल्या रकमेतून कापून घेतात, वरून भरायला लावत नाहीत.

बरीच पोरं अ‍ॅपही घेत नाहीत. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माणसाकडून 'आयडी' घेतात आणि दर वेळी वेगळ्याच खात्यावर पैसे पाठवतात. त्या माणसाने नंबर बंद केला की विषय संपला. बेकायदा धंद्यातले पैसे मागायला कुठल्या दारात जाणार?

खरा धोका : भाड्याने दिलेलं खातं

दर वेळी वेगळं असणारं ते खातं कोणाचं असतं? एखाद्या तुमच्याआमच्यासारख्याचंच. 'फक्त खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो' असं सांगून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम नेलेलं असतं. त्या खात्यात सट्ट्याचे, कधी ऑनलाइन फसवणुकीचे पैसे येतात. तक्रार झाली की पहिलं खातं गोठतं ते याचं, आणि पोलीस पहिले पोचतात तेही याच्याच घरी. मालक परदेशात असतो.

नव्या कायद्यात निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे खरं आहे. पण पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्याला आहे, तीही ३ वर्षांपर्यंत. राज्यातला १८८७ चा जुगारबंदीचा जुना कायदाही आहेच. वाळूवर धावणाऱ्या पोरांनी एवढं लक्षात घ्यावं की भरतीत मैदानी, लेखी सगळं झालं तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. दोन वर्षं पहाटे उठून सेकंद-सेकंद कमी करायचे आणि तीन हजारांच्या भाड्यापायी नावावर गुन्हा लावून घ्यायचा, हा हिशेब कुठल्याच भावात बसत नाही.

आधीच अडकला असाल तर

- पैसे भरणं आज थांबवा. 'गेलेले परत आणू' म्हणून लावलेले पैसेच सगळ्यात जास्त जातात.
- फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, चॅट पुसू नका.
- खातं कोणाला दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन बंद करायला सांगा आणि सिमही बंद करा. पोलिसांकडे आपणहून जाणं केव्हाही बरं.
- सवय सुटत नसेल, झोप उडाली असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.
- घरच्यांनी पोराला पहिल्या दिवशी मारू नये. मार बसेल या भीतीने तो लपवतो आणि लपवायला आणखी कर्ज काढतो.

मॅरेथॉनला प्रवेश फी भरून धावणं आणि बक्षीस जिंकणं हा सट्टा नाही, तिथे बेधडक उतरा. त्या दिवशी मला विचारणाऱ्या पोराला मी हे सगळं जेटीवर बसून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे काका, बरं अ‍ॅप कुठलंच नाही." मी म्हटलं, "नाही. तुझी १६०० ची वेळ किती आली ते सांग." ती त्याने लगेच सांगितली.