मागच्या महिन्यापेक्षा वजन किती वाढलं?



अंगणवाडीत लेकराचं वजन झालं की आपण विचारतो, "बरं आहे ना ताई?" ताई "हो" म्हणते आणि आपण घरी येतो. आजपासून आणखी एक प्रश्न विचारू या, "मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं?"

लेकरू हसतं-खेळतं दिसलं तरी त्याचं वजन दोन-दोन महिने तिथंच अडकलेलं असू शकतं. ते डोळ्यांना कळत नाही, माता-बाल कार्डावरच्या रेघेवरून कळतं. रेघ वर चढत असेल तर वाढ चालू आहे. आडवी झाली तर वाढ थांबली. खाली वळली तर त्याच दिवशी अंगणवाडीताईशी, आशाताईशी बोला.

दुसरी खूण दंडाच्या पट्टीची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 12.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण आहे, 11.5 पेक्षा कमी भरला तर ते तीव्र आहे. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा. तीव्र कुपोषित पण आजारी नसलेल्या मुलासाठी गावातच ग्राम बाल विकास केंद्र चालवतात. आजारी मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात.

अंगणवाडीचा आहार म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा, गरोदर आणि स्तनदा मातांचा तो हक्क आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, मोठ्यांना अंगणवाडीत गरम ताजा आहार.

पण पाकीट घरी आलं की त्याचा शिरा सगळ्यांच्या ताटात जातो. यात आईचा दोष नाही, घरात भूक सगळ्यांनाच असते. तरी धाकट्याची वाटी आधी वेगळी काढा. ते पाकीट त्याच्या वाढीच्या हिशोबानं दिलेलं असतं.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना कार्ड सोबत न्या आणि तिथल्या अंगणवाडीत दाखवा. आहार आणि लसी तिथंही मागता येतात.

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं यासाठी ठेवू या. कुणाच्या लेकराची रेघ अडकली आहे? नावं ठेवायला नको, त्या आईसोबत अंगणवाडीत जायला दोघी उठल्या पाहिजेत. पैशाची वही आपण चोख ठेवतो, लेकरांची रेघही तशीच बघू या.