हाफिजसाहेबांचा घसा

अंकुशनगरात समर्थ साखर कारखान्याच्या यंत्रांपाशी मोठ्याने बोलून घसा बसतो, तसाच रमजानमध्ये हाफिजसाहेबांचाही. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात कुरआनचे तीस पारे महिनाभरात तोंडपाठ म्हणायचे, आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही! पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकांवर आपटतात. कोरडे पडले की लवकर सुजतात.

इफ्तारला तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन भागत नाही. ते स्वरतंतूंवरून नव्हे, अन्ननलिकेतून उतरते. अंगात मुरल्यावरच ओलावा तिथे पोचतो. म्हणून सहेरीपर्यंत थोडे थोडे प्यावे. भजी खाऊन लगेच आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते. सारखे खाकरणेही वाईटच, मग ते कीर्तनकार असोत की गुरुजी. तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर खडीसाखर पुरे. घशाचा डॉक्टर गाठावा.