बुडीपूर्वीची रुजवात

मालवणच्या समुद्रात स्कूबाची बुडी मारण्याचा बेत ठरविताना जाणत्या माणसाची नजर प्रथम समुद्राकडे जात नाही. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीच्या रकान्याकडे जाते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ तासांत निघते, हा किनारपट्टीवरचा जुना हिशेब: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदराप्रमाणे त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी जी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो त्यांच्याशी त्याची रुजवात घालून पाहणे इष्ट. परंतु ज्याला हा तोंडी हिशेब येत नाही अशा मार्गदर्शकाच्या हवाली आपला जीव करण्यापूर्वी मनुष्याने क्षणभर विचार करावा, असे माझे मत आहे.

बुडीसाठी लागते ती भरतीच्या अखेरची वेळ, जेव्हा बाहेरचे खारे, निवळलेले पाणी किनाऱ्याशी आलेले असते आणि प्रवाह काही काळ स्तब्ध होतो. ओहोटी लागली की दक्षिणेस देवबागजवळ कर्ली आणि उत्तरेस कोळंबची खाडी आपापला गाळ समुद्रात सोडू लागतात, आणि तासाभरापूर्वी जेथे खडकावरचे मासे मोजता येत होते तेथे स्वतःचा हातही अस्पष्ट दिसू लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढ-उतार मोठी, म्हणून ओढही मोठी. अष्टमीच्या भांगाला ती सर्वांत कमी, पण भरती पहाटेच येऊन गेलेली. या दोहोंचे तारतम्य पाहिले, आणि दुपारी खारा वारा सुटून पाणी खवळण्यापूर्वी बाहेर पडावयाचे हेही ध्यानी धरले, तर एकादशी-द्वादशीच्या सकाळी सर्वांत सोयीच्या ठरतात. मालवणची चढ-उतार मुंबईच्या सुमारे निम्मीच, एवढी सवलत निसर्गाने आपल्याला दिली आहे.

मोसमाचा प्रश्न याहून सोपा, निदान तसा वाटतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत या किनाऱ्यावर बुडी मारण्याचा विचारही कोणी करीत नाही. मे महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद होतात. फसवा असतो तो ऑक्टोबर. वरून समुद्र शांत दिसतो, आकाश निरभ्र असते, पर्यटकांच्या गाड्या येऊ लागतात, पण पावसाने आणलेला गाळ आणि पावसाळ्याच्या शेवटी फोफावणारे सूक्ष्म प्लवक यांनी पाणी गढूळच राहते. ते खऱ्या अर्थाने निवळते थंडीत. मार्चनंतर दुपारचा वायव्येचा वारा जोर धरू लागतो आणि दिवसातील उपयोगाचे तास पुन्हा आखडत जातात. एक संकट मात्र कोणत्याही महिन्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना येऊ शकते. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठविलेल्या दीर्घ लाटा हजारो किलोमीटर चालत येऊन आपल्या उथळ खडकांवर फुटतात, आणि पाण्याखालच्या माणसाला त्या एका बाजूस फेकून लगेच दुसऱ्या बाजूस ओढून नेतात. या हिंदोळ्याची पूर्वसूचना हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था देते. ती पाहण्याचा शिरस्ता प्रत्येक तांडेलाने पाळावा.

आता जागेविषयी. 1664 च्या नोव्हेंबरात मोरयाच्या धोंड्याशी पूजन होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. बेटाभोवती पाण्याखाली दडलेली खडपे परक्या गलबतांना जवळ येऊ देत नसत, हा या जागेचा एक मोठा गुण. त्याच खडपांच्या आधाराने प्रवाळ वाढले, प्रवाळांच्या आश्रयाने मासे आले, आणि 1987 साली या परिसरातील सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बुडी मारणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा, की मालवणची प्रसिद्ध स्थळे उथळ आहेत. हौशी पर्यटकाला नेले जाते ती जागा बहुधा आठ-दहा मीटरांच्या आतली. आणि येथेच सर्वसाधारण मनुष्याची समजूत चुकते. खोल ते धोक्याचे आणि उथळ ते निर्धास्त, असा न्याय तो सरसकट लावतो.

दाबाचे गणित त्याच्या विरुद्ध जाते. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरांस एक वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरांवर दोन, वीसवर तीन. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब अर्धा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. चाळीस मीटरांवरून तीसवर येताना छातीतील हवा सव्वापट होईल. तेच दहा मीटरांचे अंतर पृष्ठभागापाशी काटले तर ती दुप्पट होईल. म्हणजे सर्वांत झपाट्याचा बदल सर्वांत वरच्या थरात घडतो, आणि टाकीतील हवा छातीत भरून, श्वास कोंडून कोणी घाबऱ्याघाबऱ्या वर आला तर दीड मीटरांच्या पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. शिकविणारा पहिल्या पाच मिनिटांत दहा वेळा सांगतो, की श्वास कधीही रोखू नका, त्याचे कारण हे. पोहता येणाऱ्या माणसाला हा उपदेश विशेष अवघड जातो, कारण पाण्यात श्वास धरणे ही त्याची जन्माची सवय. खुणांचेही तसेच. अंगठा वर केला म्हणजे आपल्याकडे ‘झकास’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. सुखरूप असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून करावयाची, आणि मान हलविण्याची आपली सार्वत्रिक भाषा तर तेथे सर्वस्वी निरुपयोगी, कारण आपल्या होकाराचा आणि नकाराचा उलगडा जमिनीवरही परक्याला होत नाही.

हवेचा हिशेब बुडीपूर्वी कागदावर मांडावा. तो त्रैराशिकापलीकडचा नाही. सुमारे अकरा लिटरांच्या टाकीत 200 बार दाबाने 2200 लिटर हवा मावते. त्यांपैकी 50 बार, म्हणजे 550 लिटर, ही राखीव शिल्लक. तिला हात लावावयाचा नाही. उरली 1650. शांत मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर दहा मीटरांवर त्याला चाळीस लागतील आणि हवा एक्केचाळीस मिनिटे पुरेल; वीस मीटरांवर साठ लिटरांप्रमाणे साडेसत्तावीस मिनिटे; तीसवर वीस. घाबरलेला नवशिका दीडपट श्वास घेतो, आणि त्याच्या दहा मीटरांना अनुभवी माणसाचे वीस मीटर समजावे लागतात. जोडीतील ज्याची हवा आधी संपेल त्याच्या हिशेबाने दोघांनी परतावे. पाणी गढूळ असेल तर दोघांतील अंतर हाताच्या टप्प्याहून वाढू देऊ नये, आणि तेवढेही दिसत नसेल तर बेत तहकूब करावा.

या उथळ जागांचा उलटा नमुना पाहावयाचा तर आंग्रिया बँकेकडे पाहावे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे बुडालेले पठार आहे, आणि त्याचा माथाच पृष्ठभागापासून वीस मीटरांच्या आसपास खाली. पाणी नितळ, प्रवाळ विपुल. परंतु आडोशाला ना बेट, ना कातळ. तेथे वर येताना धरावयास काही नसते, प्रवाह माणसाला नौकेपासून दूर नेतो, म्हणून हवा भरून वर सोडण्याचा रंगीत फुगा ज्याच्याजवळ नाही त्याने पाण्यात उतरूच नये. शिवाय येथे दुसरा एक हिशेब जागा होतो. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो, आणि दाब एकदम कमी झाला तर सोड्याची बाटली उघडावी तसा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. अठरा मीटरांवर न थांबता वर येण्याची मुदत, प्रशिक्षणातील प्रचलित कोष्टकाप्रमाणे, 56 मिनिटे. तीसवर ती 20. वर मांडलेला हवेचा हिशेबही तीस मीटरांवर वीस मिनिटेच देतो. दोन्ही मर्यादा तेथे एकाच वेळी गाठतात, आणि चूक सावरण्यास फारसा अवकाश राहत नाही.

या कोष्टकांच्या मुळाशी जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाचे काम आहे. ब्रिटिश आरमारासाठी शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1908 साली प्रसिद्ध केली. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन याने, थेटिस ही पाणबुडी 1939 साली बुडाल्यानंतर, दाबाच्या कोठीत स्वतःलाच कोंडून घेऊन प्रयोग केले आणि शरीराची बरीच मोडतोड करून घेतली. 1957 मध्ये तो भारतात आला, येथलाच नागरिक झाला, आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. आनुवंशिकीचा पंडित म्हणून आपण त्याला ओळखतो. पाणबुड्यांनी त्याचे जे ऋण मानावयास हवे त्याचा आपल्याकडे सहसा उच्चार होत नाही.

धोका खोलीत कमी आणि कडेला अधिक, हे माझे म्हणणे मालवणच्याच एका दुर्घटनेने दुर्दैवाने पुष्ट केले आहे. 24 मे 2022 रोजी, मोसम संपण्याच्या बेताला आला असताना, तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. बुडी संपलेली होती. टाकी, नळी, दाबमापक यांची तपासणी कितीही काटेकोर केली तरी नौकेत माणसे किती, जीवरक्षक जाकिटे अंगात घातलेली की बाकाखाली रचलेली, आणि वारा वाढल्यास परतण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा, हे प्रश्न निराळेच विचारावे लागतात; आणि ते विचारण्यास ग्राहकाने संकोच करू नये.

पुढचा प्रश्न उपचाराचा. नायट्रोजनाच्या व्याधीवर जागच्या जागी करता येण्याजोगा उपाय एकच: रोग्याला आडवे निजवून शुद्ध प्राणवायू देणे. म्हणून प्राणवायूची नळकांडी नौकेवर आहे काय, आणि ती भरलेली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. खरा उपचार दाबाच्या कोठीत होतो. अशी सोय असलेले नौदलाचे अश्विनी रुग्णालय मुंबईत आहे, आणि मालवणहून मुंबई रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. जवळची चालू कोठी कोणती, तेथे दूरध्वनी कोणी करावयाचा आणि रोग्याला कोणत्या वाहनाने न्यावयाचे, याची तजवीज निघण्यापूर्वी झालेली असली पाहिजे.

आणि शेवटी घाट. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. चिपी आणि मोपा येथे विमानतळ झाल्यापासून ते सांगितलेही जाते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने 2002 साली भरविलेल्या कार्यशाळेतून निघालेला दंडक असा, की एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास उंचीवर जाऊ नये. पण हा दंडक दोन हजार फुटांपासून लागू होतो, म्हणजे सुमारे 610 मीटर. आणि मालवणहून दोन-अडीच तासांत गाडी जेथे पोचते ते आंबोली सुमारे 690 मीटरांवर, पुढचे बेळगाव साडेसातशेच्या आसपास. सकाळी पाच-सहा मीटरांवर वीस मिनिटे घालविलेल्या हौशी पर्यटकाच्या अंगात नायट्रोजन थोडा असतो, आणि त्याला घाटाचे भय नगण्य. प्रशिक्षण घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तो लागोपाठ दोन-तीन दिवस अठरा मीटरांपर्यंत उतरतो आणि शेवटची बुडी आटोपून त्याच दुपारी सामान गाडीत टाकतो. त्याने सहलीचा क्रम उलटा लावावा. बुड्या आधी उरकाव्या, अखेरची रात्र मालवणातच काढावी, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, मग बाजार, आणि दुपार कलल्यावर घाट. खोलीचे एका रात्रीचे भाडे वाढेल. ते टाकीच्या भाड्याबरोबरच खर्ची टाकावे.